पेटी, भोक आणि तेवीस वर्षं: देवाच्या घराच्या दुरुस्तीचा निधी

आजचं वाचन: २ राजे १२:४-१६
सोबत वाचा: २ इतिहास २४:४-२५



जुन्या चर्चच्या दुरुस्तीसाठी निधी गोळा होतोय, असा मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर कधी ना कधी आलेला असणार. खाली क्यूआर कोड, वर चर्चचा फोटो, मध्ये एक वचन. असा मेसेज आला की आपल्या मनात दोन आवाज उठतात. एक म्हणतो, "देवाचं घर आहे, द्यायला हवं." दुसरा म्हणतो, "एवढे लाखो रुपये दगड-चुन्यात घालण्यापेक्षा एखाद्याच्या पोराची फी भरली तर?" आणि मग बहुतेक वेळा आपण काहीच न करता पुढच्या मेसेजकडे वळतो.

आजचा पाठ अगदी याच विषयावर आहे. पवित्र शास्त्रात निधी-संकलनाची इतकी बारीक हकिगत फार थोड्या ठिकाणी मिळते. पैसे कुठून आले, कुठे अडकले, पेटी कुठे ठेवली, मोजले कोणी, दिले कोणाला, सगळं लिहून ठेवलंय. आज जरा सावकाश वाचू या. आधी बायबल उघडून दोन्ही उतारे वाचून घ्या, मग पुढे या.

१) पार्श्वभूमी: जिथे लपला, तेच घर

योवाश हा यहूदाचा राजा. त्याची आजी अथल्या हिने राजघराण्यातल्या मुलांची कत्तल केली तेव्हा तो तान्हा होता. आत्याने त्याला उचलून लपवलं. कुठे? परमेश्वराच्या मंदिरात. सहा वर्षं तो तिथेच वाढला. सातव्या वर्षी यहोयादा याजकाने त्याला बाहेर आणून राज्याभिषेक केला.

म्हणजे हे मंदिर त्याच्यासाठी नुसती राष्ट्रीय इमारत नव्हती. त्याचं बालपण त्या भिंतींच्या आत गेलं होतं. कुठल्या कोपऱ्यात पाणी झिरपतं, कुठला चिरा हलतो, हे त्याला माहीत असणार. शलमोनाने बांधलेल्या त्या मंदिराला तोवर शंभराहून अधिक वर्षं झाली होती. शिवाय २ इतिहास २४:७ सांगतं की अथल्येच्या मुलांनी मंदिराची मोडतोड केली होती आणि तिथल्या पवित्र वस्तू बआलाच्या पूजेसाठी वापरल्या होत्या. वयाने आलेली झीज आणि माणसांनी केलेली नासधूस अशी दोन्ही नुकसानं होती.

आजही जुन्या चर्चच्या बाबतीत हेच दिसतं. काही नुकसान पावसाने केलेलं असतं, काही आपल्याच दुर्लक्षाने.

२) पहिली योजना: सगळ्यांचं काम, कुणाचंच काम नाही

योवाशने याजकांना सांगितलं की मंदिरात येणारा पैसा घ्या आणि जिथे जिथे पडझड दिसेल तिथे दुरुस्ती करा. यात तीन प्रकारचा पैसा होता: शिरगणतीचा, नवसाच्या मूल्याचा आणि लोक स्वखुशीने आणतील तो. प्रत्येक याजकाने आपापल्या ओळखीच्या माणसांकडून घ्यायचा.

ऐकायला ठीक वाटतं ना? पण सहावं वचन बघा. राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी दुरुस्ती झालेली नव्हती.

इथे थोडं गणित करू. राजा झाला तेव्हा वय सात. अधिक तेवीस. म्हणजे योवाश तीस वर्षांचा आहे. तुमच्या-माझ्या वयाचा. लहानपणी ज्या छपराखाली जीव वाचला, ते छप्पर तसंच गळतंय, आणि आपणच दिलेला आदेश कागदावरच राहिलाय.

लक्षात घ्या, वचन कुठेही म्हणत नाही की याजकांनी पैसे चोरले. तसा आरोप आपणही करू नये. मला वाटतं दोष रचनेतच होता. एकच पैसा दोन कामांना: त्यातूनच याजकांचा रोजचा खर्च आणि त्यातूनच दुरुस्ती. रोजचा खर्च आज दारात उभा असतो, भिंतीची चीर उद्यापर्यंत थांबू शकते. मग आज नेहमी जिंकतो. आणि "प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी" म्हटलं की कोणाच्याही नावावर ते काम पडत नाही. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर टिकीट उघडं आहे, पण कोणाला असाइनच केलेलं नाही. असं टिकीट तेवीस स्प्रिंट सहज पडून राहतं.

राजाने बोलावून विचारलं तेव्हा याजकांनी एक चांगली गोष्ट केली. आठव्या वचनात ते कबूल होतात की आम्ही लोकांकडून पैसे घेणार नाही आणि दुरुस्तीची जबाबदारीही आमच्याकडे नको. पदावर राहून एखादं काम सोडून द्यायलाही नम्रता लागते.

३) दुसरी योजना: झाकणाला भोक

मग यहोयादाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि मंदिरात शिरताना उजव्या हाताला, वेदीजवळ ती ठेवली. द्वारपाळ याजक आलेला पैसा तिच्यात टाकत. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येऊन पैसे मोजत, पिशव्यांत बांधत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. तिथून ते सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या मजुरीला आणि लाकूड व घडीव चिरे विकत घ्यायला जात.

यातल्या पाच गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्यात. तुम्हीही लिहा.

एक, पेटी सगळ्यांच्या नजरेसमोर होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसायची.

दोन, टाकता येतं, काढता येत नाही, एवढंच ते भोक. मोहाची परीक्षा घेण्यापेक्षा मोहाला वावच ठेवला नाही. हा अविश्वास वाटतो का? मला तो याजकांवरचा उपकार वाटतो. ज्याच्या हातात पैसा सुटा नाही, त्याच्यावर कोणी बोटही ठेवू शकत नाही.

तीन, मोजणारे दोघे, आणि दोन वेगवेगळ्या संस्थांचे. एक राजवाड्याचा, एक मंदिराचा. आम्ही कोड लिहिणारा आणि तो मंजूर करणारा वेगळा ठेवतो, त्याचं कारण लिहिणारा लबाड असतो असं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून.

चार, पैशाचा हेतू ठरलेला. तेरावं वचन सांगतं की काम चालू असताना त्या पैशातून चांदीचे पेले, कर्णे, सोन्या-रुप्याची पात्रं केली नाहीत. इतिहासाच्या पुस्तकात मात्र पात्रं केल्याचं येतं. विरोध आहे का? नीट वाचा: तिथे दुरुस्ती पुरी झाल्यावर उरलेल्या पैशातून पात्रं केली. आधी भिंत, मग चांदी. आणि सोळावं वचन: दोषार्पणाचा आणि पापार्पणाचा पैसा याजकांचाच राहिला. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली सेवकांच्या पोटालाही हात लावला नाही.

पाच, पंधराव्या वचनातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत. मोजणीला दोन-दोन माणसं, आणि पुढे विश्वास! चोख व्यवस्था असली की विश्वास ठेवणं सोपं होतं. पण आज आपण हिशेब मागायचाच नाही असा याचा अर्थ काढू नका. सचोटी आधी दिसली, म्हणून मग मोकळीक मिळाली, हा क्रम आहे.

आणि परिणाम? २ इतिहास २४:१० म्हणतं की सरदार आणि सगळे लोक आनंदाने आणून टाकत राहिले. तेवीस वर्षं जे लोक देत नव्हते असं वाटत होतं, तेच लोक. बहुतेक वेळा लोकांचं मन कंजूष नसतं. पैसा कुठे जातो ते त्यांना दिसत नसतं.

४) मुंबईतली पंधरा फुटांची भिंत

हा पाठ वाचताना मला मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल आठवतं. चर्चगेट स्टेशनवरून आपण रोज जातो, पण ते 'चर्च' कोणतं हे किती जणांना माहीत असतं? तेच हे. जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट जायची, तो चर्चगेट.

१६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या काळात त्याचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी ऑंजियर वारला. भिंती साधारण पंधरा फूट चढल्या आणि काम थांबलं. थांबलं ते जवळजवळ चाळीस वर्षं! अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या तेव्हाच्या एका जहाजी कप्तानाने तर आपल्या प्रवासवर्णनात असा आरोप लिहून ठेवलाय की चर्चसाठी जमलेली मोठी रक्कम नंतरचा गव्हर्नर जॉन चाइल्ड याने गिळली. आरोप खरा की कप्तानाचा राग, हे बाजूला ठेवू. पण पैसा गोळा झाला होता आणि भिंती मात्र उघड्याच उभ्या आहेत, असं चित्र एकदा लोकांच्या डोळ्यांत बसलं की पुढे कोण देणार? योवाशची तेवीस, मुंबईची चाळीस.

१७१५ मध्ये चॅप्लेन रिचर्ड कॉब याने उपदेशातून हा विषय पुन्हा काढला. त्याच वर्षाअखेर गव्हर्नर झालेल्या चार्ल्स बून याचा पाठिंबा मिळाला, वर्गण्या जमल्या, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी उघडलं. एवढी वर्षं अडलेलं काम तीनेक वर्षांत झालं. दगड तेच, गाव तेच. एक माणूस मात्र असा निघाला, ज्याने ते काम आपल्या नावावर घेतलं.

त्या नाताळच्या दिवसाची एक आठवण कॉबने नोंदवली आहे. मुंबईतला मोठा हिंदू व्यापारी रामा कामत, ज्याला इंग्रजी कागदांत रामा कामाठी म्हटलंय, तो आपल्या लोकांना घेऊन आला होता आणि उपासना संपेपर्यंत आदराने उभा होता. हाच रामा कामत १७१५ मध्ये वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा उभं करणारा म्हणून ओळखला जातो. पडलेलं देवघर पुन्हा उभं करण्याचं मोल त्याला कळत होतं. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

मुंबईतच कुलाब्याचं अफगाण चर्च आहे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधलं, १८५८ मध्ये त्याचं समर्पण झालं, आणि उंच मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. एकूण खर्च ५,६५,००० रुपये सांगतात, आणि अगदी शेवटी कमी पडलेले ७,५०० रुपये दिले ते सर कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थाने. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना दिसणाऱ्या त्या मनोऱ्याच्या टोकाला एका पारशी माणसाचा हात लागलेला आहे. निधी मागताना आपण कधीकधी फक्त आपल्याच लोकांकडे बघतो. देव कुणाच्या हातून पुरवील हे आपण ठरवत नाही.

५) जांभा, चुना आणि न दिसणारं काम

मी सध्या पूर्णगडला राहून काम करतो. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथलं आमचं गाव. उपासनेला रत्नागिरीला जावं लागतं. इथली जुनी घरं, विहिरी, गडगे, सगळं जांभ्याचं. त्यामुळे दगडाबद्दल दोन गोष्टी आपोआप कळतात.

जांभा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की घट्ट. पण कोकणातला पाऊस तो पितो. म्हणून जुने लोक त्यावर चुन्याचा गिलावा देत. चुना भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो आणि स्वतः झिजतो, आतला दगड वाचवतो. त्यावर कोणी घट्ट सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, आणि काही पावसाळ्यांनी सिमेंटच्या पापुद्र्याबरोबर दगडाचा थरही सुटून येतो. आमच्या मागच्या भिंतीकडे बघून गावातले गवंडीकाका म्हणाले होते, "अरे, दगडाला श्वास घ्यायला ठेवा जागा!"

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकाची गोष्ट हीच आहे. १५९४ ला सुरू होऊन १६०५ मध्ये तिचं समर्पण झालं. आज ती लालसर उघड्या दगडात दिसते आणि आपल्याला वाटतं, अशीच बांधली असेल. नाही. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला, उघडा दगड जास्त प्राचीन दिसतो म्हणून. तेव्हापासून जांभा दर पावसाळा अंगावर झेलतोय, आणि गिलावा परत द्यावा की नाही यावर वाद चालू आहे.

यातून दोन धडे.

पहिला: दुरुस्तीत दिसणारं काम सगळ्यात शेवटी येतं. आधी कौलं आणि वासे, वाळवी लागली का ते. मग पन्हळी आणि पाण्याचा निचरा. मग भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप मुळासकट काढणं. मग चुन्याचं काम. आणि सगळ्यात शेवटी रंग आणि दिवे. पण निधीच्या मेसेजमध्ये फोटो असतो तो नव्या दिव्यांचा! पन्हळीवर कोणी आपल्या आजोबांच्या नावाची पाटी लावत नाही. उपदेशक १०:१८ वाचा. आळसाने छप्पर खचतं आणि हात चालत नाहीत म्हणून घर गळतं, असा त्याचा आशय आहे. ज्याच्यावर नाव कोरलं जाणार नाही अशा कामाला देता येतं का, हा आपल्या दातृत्वाचा खरा कस.

दुसरा: चुना पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. एकदाच मोठा सोहळा करून मोठी रक्कम जमवली आणि पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीला काहीच ठेवलं नाही, तर आपण पुढच्या पिढीला तीच पडझड देतो. २ इतिहास २४:११ मध्ये ते दिवसेंदिवस पेटी रिकामी करून परत जागेवर ठेवत. थोडं, पण नेमाने.

६) आजची पेटी

पेटीची जागा आता बँक खात्याने आणि क्यूआर कोडने घेतली आहे. तत्त्व तेच. तुमची युवा संघटना असं काम हाती घेणार असेल, किंवा तुम्ही देणार असाल, तर एवढं बघा.

खातं ट्रस्टच्या नावाचं आहे का? कोणाच्याही वैयक्तिक खात्यात, कितीही भला माणूस असला तरी, पैसे पाठवू नका. महाराष्ट्रात अशा संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या असतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे त्यांचे हिशेब जातात. दुरुस्तीचा निधी वेगळा ठेवलाय का, आणि सही दोघांची लागते का, हे विचारायला लाजू नका.

कामाचा अंदाज कोणी केला? जुन्या वास्तूंचं काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाने बघून दिलेला अंदाज हवा. इमारत वारसा यादीत असेल तर महापालिकेच्या वारसा समितीची परवानगीही लागते.

करसवलत: आयकर कायद्यात, केंद्र सरकारने ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणून अधिसूचित केलेल्या देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांच्या दुरुस्तीला दिलेल्या देणगीसाठी तरतूद केलेली आहे. पण प्रत्येक जुनं चर्च अधिसूचित नसतं. २,००० रुपयांवर रोख दिली तर ती सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांनाही नाही. तेव्हा "देणगी द्या, टॅक्स वाचवा" असं मेसेजमध्ये बिनधास्त टाकू नका. आधी सीएला विचारा.

परदेशातले मित्र: भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा मित्र दुबईहून किंवा टोरांटोहून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ते परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचा पैसा परदेशी देणगी ठरतो. तो फक्त एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, आणि तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या ठराविक शाखेतल्या खात्यातच आधी यावा लागतो. हे नियम कंटाळवाणे वाटतात. पण यहोयादाची पेटीही कंटाळवाणीच होती. चांगल्या हेतूने नियम मोडला तरी चर्च अडचणीत येतं.

७) मग गरिबाचं काय?

आता तो दुसरा आवाज. त्याला टाळून पुढे जाऊ नका, कारण वचन त्याला टाळत नाही.

मार्क १२ च्या शेवटी प्रभू येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघतो. विधवा दोन दमड्या टाकते आणि तो तिचं कौतुक करतो. ही गोष्ट आपण निधीच्या मेसेजमध्ये नेहमी वापरतो. पण तिच्या आधीचं आणि नंतरचं वचन वाचा. लगेच आधी, १२:४० मध्ये, विधवांची घरं गिळणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांना तो दोष देतो. आणि लगेच नंतर, १३:२ मध्ये, त्या भव्य इमारतीचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असं सांगतो. विधवेचं दान या दोन वचनांच्या मध्ये उभं आहे. तिचं मन सोन्यासारखं. पण तिच्याकडून घेणाऱ्यांचं काय, हा प्रश्न प्रभू तिथेच सोडतो. म्हणून निधी गोळा करणाऱ्याने एक नियम पाळावा: ज्याला द्यायला परवडत नाही, त्याच्यावर मेसेजचा, यादीचा, जाहीर वाचनाचा दबाव कधीही येऊ नये.

आणि आता योवाशचा शेवट. हा भाग निधीच्या मेसेजमध्ये कधीच नसतो.

यहोयादा १३० वर्षांचा होऊन वारला. लोकांनी त्याला राजांच्या कबरस्तानात पुरलं. त्यानंतर सरदार आले, राजाच्या पाया पडले, आणि राजा त्यांचं ऐकू लागला. लोकांनी परमेश्वराला सोडलं. यहोयादाचा मुलगा जखऱ्या उभा राहून बोलला, तर राजाच्या हुकमाने त्याला धोंडमार करून मारलं. कुठे? परमेश्वराच्या मंदिराच्या अंगणात! ज्या घराने योवाशचा जीव वाचवला, जे त्याने स्वतः दुरुस्त करवलं, त्याच घराच्या अंगणात त्याने आपला जीव वाचवणाऱ्याच्या मुलाचा जीव घेतला. शेवटी त्याच्याच सेवकांनी त्याला मारलं, आणि राजा असून त्याला राजांच्या कबरेत जागा मिळाली नाही. लूक ११:५१ मध्ये प्रभू ज्या जखऱ्याच्या रक्ताची आठवण काढतो, तो हाच असं पुष्कळ जण मानतात.

भिंती चिरेबंद झाल्या होत्या. न्याय ढासळला होता.

आता रामा कामतकडे परत या. चर्चच्या उद्घाटनाला आदराने उभा राहिलेला तो माणूस. दोनच वर्षांत, १७२० मध्ये, त्याच गव्हर्नर बूनच्या कारकिर्दीत त्याच्यावर खटला झाला. कान्होजी आंग्र्यांविरुद्धच्या इंग्रजांच्या मोहिमा फसत होत्या, आणि कामत आंग्र्यांना फितूर आहे असा आरोप ठेवला गेला. साक्ष मिळवण्यासाठी अंगठ्यांना लोखंडी पेच लावले. पुराव्यातलं पत्र बनावट होतं असं पुढे दिसून आलं. पण तोवर त्याची मालमत्ता जप्त झाली होती, आणि १७२८ मध्ये तो कैदेतच वारला.

ज्या सरकारने चाळीस वर्षं पडून राहिलेलं देवाचं घर पुरं केलं, त्याच सरकारने त्या घराच्या दारात उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याला खोट्या पुराव्यावर गाडलं. कॅथेड्रल आजही सुंदर आहे, २००४ मध्ये त्याच्या जीर्णोद्धाराचा युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत गौरव झाला, आणि तो योग्यच होता. मी म्हणेन, जरूर जा, आत बसा, प्रार्थना करा. पण रामा कामतसाठीही क्षणभर थांबा.

तेव्हा "इमारत की गरीब?" या प्रश्नाला माझं उत्तर असं. देवाचं घर गळू देणं ही भक्ती नाही, तो हाग्गयानेही सांगितलेला आळस आहे. पण ज्या मंडळीला छपराची गळती दिसते आणि अंगणातला अन्याय दिसत नाही, तिची दुरुस्ती अर्धीच झाली. चर्च दुरुस्त करणाऱ्या मजुराला वेळेवर आणि पुरी मजुरी मिळते का, परातीवर उभ्या गवंड्याला हेल्मेट आणि दोर आहे का, दुरुस्तीच्या बैठकीत कोणी खरं बोललं तर त्याचं ऐकतात की त्याला गप्प करतात, या गोष्टी निधीच्या हिशेबाइतक्याच देवाच्या वहीत लिहिल्या जातात.

या आठवड्यासाठी मनन

१. माझ्या मंडळीत असं कुठलं काम आहे जे "सगळ्यांचं" असल्यामुळे वर्षानुवर्षं पडून आहे? ते मी माझ्या नावावर घेऊ शकतो का?
२. मी शेवटचं दान दिलं तेव्हा ते कोणाला दिसावं असं मला वाटत होतं का?
३. माझ्या हातात इतरांचा पैसा असतो तेव्हा, पिकनिकचा असो की चर्चचा, मी स्वतःहून दुसऱ्याला मोजायला बसवतो का?
४. मला सत्य सांगणारा जखऱ्या कोण आहे? गेल्या वेळी मी त्याच्याशी कसा वागलो?

प्रार्थना

हे प्रभू, आमच्या वाडवडिलांनी बांधलेली तुझी घरं आम्हाला मिळाली, ती आमची कमाई नाही. त्यांची काळजी घेण्याची सचोटी आम्हाला दे. आमचे हात देताना मोकळे आणि मोजताना स्वच्छ ठेव. दगडांची चीर दिसते तशी शेजाऱ्याच्या दुःखाची चीर दिसू दे. आणि आमच्यातलं कोणी खरं बोलायला उभं राहिलं, तर आमच्या हातात दगड नसू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याच्या वाचनासाठी नहेम्या ३ उघडून ठेवा. नावांची यादी आहे म्हणून वगळू नका. कोणी आपल्या घरासमोरची भिंत बांधली, आणि कोणत्या गावच्या प्रतिष्ठितांनी खांदा द्यायला नकार दिला, ते शोधून काढा. त्यावर उद्या बोलू.